फिरत्या थाळीवरचं शून्य

३ जून

वन्सं,

नमस्कार. माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुम्ही पाकिटावरूनच ओळखलं असेल. फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर काही बोललं की ते यांना ऐकू जातंच, आणि बोलायचं आहे ते यांच्याबद्दल.

तुमच्या भावावर माझा संशय आहे. छातीत धस्स करून घेऊ नका, दुसरी बाई वगैरे भानगड नाही. तसं असतं तर मी पत्र लिहीत बसले नसते, सरळ बॅग भरून तुमच्या दारात उभी राहिले असते. हे कामाचं आहे.

यांच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात एका कंपनीच्या यंत्राची चाचणी होती. तांब्याची एक गोल थाळी, वीतभराहून किंचित मोठी. तिच्याखाली लोहचुंबक. थाळी मोटरवर गरगरा फिरवायची आणि मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत किती वीज तयार होते ते मीटरवर बघून लिहायचं. सकाळच्या पाळीत हे, दुपारनंतर दुसरे एक गृहस्थ. त्यांना सगळे ‘दुपारवाले’च म्हणतात. दोघांनी रोज एकेक आकडा घ्यायचा, असे अकरा दिवस. यंत्र तेच, वेगही तोच. दुपारवाल्यांना रोज अठराच्या आगेमागे मिलिव्होल्ट मिळाले. तुमच्या भावाला दहा दिवस मिळालं शून्य.

हे मला नक्की माहीत आहे, कारण यांची नोंदवही मीच लिहिते. यांचं अक्षर तुम्ही पाहिलेलंच आहे, ते यांचं यांनाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. म्हणून लग्न झाल्यापासून आमचं ठरलेलं: हे खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे खरडून आणतात, संध्याकाळी मला वाचून दाखवतात, मी वहीत उतरवते, आणि पुठ्ठा जातो केराच्या डब्यात. प्रमाणपत्रांवर नावं लिहून लिहून माझा हात बसलाय. म्हणून तर हे मला ‘मोती’ म्हणतात. (कुत्र्याचं नाव वाटतं म्हणून पहिल्या वर्षी मी भांडले होते.) ऑफिसात हे कुणाला ठाऊक नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.

तर दहा संध्याकाळी मी शून्य लिहिलं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, मीटर बिघडलाय का? म्हणाले, मीटर ठणठणीत आहे. पाचव्या दिवशी विचारलं, थाळी फिरतेय ना? तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलंच नाही.

पण वन्सं, शर्ट मी धुते. इतकी वर्षं यांच्या बाह्यांच्या टोकांना काळी पूड असायची, साबणाच्या दोन वड्या जास्त जायच्या. त्या अकरा दिवसांत बाह्या स्वच्छ, जणू माणूस बँकेत बसून आला. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. यंत्राला हातच लावत नसतील तर? कुठेतरी बसून वेळ काढत असतील आणि मनाला येईल ते मला सांगत असतील तर?

आता वही जप्त झाली आहे. विभागप्रमुख बाईंनी चौकशी लावली आहे. खोट्या नोंदी ठरल्या तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर हे घरही, आणि यांचं नाव असं होईल की पुढे कुठलीच प्रयोगशाळा यांना दारात उभं करणार नाही. आणि हे? तोंडात मूग धरून बसलेत. ‘मशीन जे बोललं ते मी सांगितलं’, एवढंच.

अकराव्या दिवशी मात्र वहीत अठरा पूर्णांक दोन आहेत. तेवढं बरं झालं, नाही का? निदान एक दिवस तरी काम केलं असं दिसेल.

तुम्ही कॉलेजात हेच शिकवता. मला खरं काय ते सांगा. असं शून्य येऊ शकतं का?

तुमची,
मोती

९ जून

मोती,

तुझं पत्र तीनदा वाचलं. विचारलंस म्हणून सांगते, आणि तुला गोड लागणार नाही. शून्य येऊ शकत नाही.

तांब्यात सुट्या वीजकणांची गर्दी असते. थाळी फिरली की तेही फिरतात, आणि चुंबकावरून फिरणाऱ्या कणांना आडवा धक्का बसतो, दांड्याकडून कडेकडे. त्यामुळे दांडा आणि कड यांत फरक पडतो, तो मीटर दाखवतो. तू लिहिलेल्या मापाच्या थाळीला अठरा हा आकडा अगदी जिथल्या तिथे आहे. दुपारवाल्याचं बरोबर आहे. थाळी फिरत असेल, चुंबक जागेवर असेल, तर हा आकडा यायलाच हवा. त्याला आमच्या धाकट्याची परवानगी लागत नाही.

मग उरतं काय? थाळी फिरवलीच नाही, किंवा फिरवली आणि मीटर जोडलाच नाही.

मी त्याची सख्खी बहीण आहे, तेव्हा पदराआड काही ठेवत नाही. सहावीत असताना त्याला शाळेतून थर्मामीटर दिला होता. महिनाभर रोज सकाळी बघून तापमान लिहायचं. पठ्ठ्याने पहिल्या रविवारी बसून तीस तारखेपर्यंतचं लिहून टाकलं. मी पकडला तेव्हा म्हणाला, रोज साधारण तेवढंच तर असतं. आईने त्याला चांगला फैलावर घेतला होता. मला वाटलं होतं, त्यानंतर कानाला खडा लावला असेल. तुझं पत्र वाचून पहिली आठवण त्या थर्मामीटरचीच झाली, हे लपवत नाही.

पण एक गोष्ट मला खटकते. खोटं लिहिणारा माणूस शून्य लिहील का? त्याला दुपारवाल्याचा आकडा विचारून आजूबाजूचं काहीतरी लिहिता आलं असतं. शून्य लिहिणं म्हणजे आपणहून मान पुढे करणं. एक तर तो फार आळशी झालाय, किंवा त्याला कुणीतरी अडकवतंय. या दुपारवाल्याचं आणि त्याचं काही वाकडं आहे का? सकाळी कुणी चुंबक काढून ठेवत असेल आणि दुपारी परत बसवत असेल, असंही होऊ शकतं.

घरात बसून तर्क करत राहिलीस तर डोकं फिरेल. जा आणि बघ. काहीतरी निमित्त काढ. थाळीजवळ काय काय आहे ते नीट बघ: मीटर कुठे ठेवलाय, त्याच्या तारा थाळीला कुठे टेकतात. तुला कळलं नाही तरी चालेल, दिसेल ते लिही. तुझी नजर चांगली आहे, बाह्यांच्या बाबतीत ते कळलंच. त्या बाह्या माझ्याही डोक्यातून जात नाहीत.

आणि त्याला यातलं काही कळू देऊ नकोस. कळलं तर तो अजूनच गप्प बसेल.

तुझी,
वन्सं

१३ जून

वन्सं,

गेले आणि पाहून आले. आधी कबूल करते, गुरुवारी सकाळी मी यांच्या मागोमाग निघाले होते. वीस पावलं अंतर ठेवून. आपल्याच नवऱ्याच्या मागे असं चोरासारखं चालताना माझी मलाच लाज वाटत होती, पण पाय थांबले नाहीत. हे कुठे वळले नाहीत, कुठे थांबले नाहीत, सरळ फाटकातून आत गेले. फाटकावरच्या रखवालदाराला मी म्हटलं, साहेब मे महिन्यात रोज वेळेवर यायचे ना? त्याने बोट ठेवून हजेरीचं पुस्तक दाखवलं. अकराही दिवस नऊला पाच कमी.

म्हणजे जात होते. आत काय करत होते हा प्रश्न उरला.

शुक्रवारी यांचा चष्मा मुद्दाम मीच माझ्या पिशवीत टाकला आणि दोन वाजता तो द्यायला गेले. हे तेव्हा वरच्या मजल्यावर चौकशीच्या कागदांवर सह्या करायला गेलेले असणार, हे मला ठाऊक होतं. चाचणीच्या खोलीला काच आहे. थाळी पाहिली, लखलखीत. खाली चुंबक. तो चार मोठ्या बोल्टांनी आवळलेला आहे आणि बोल्टांवर जुना रंग तसाच आहे, एकही सुटलेला नाही. तेव्हा चुंबक कुणी काढत असेल असं मला वाटत नाही. थाळीच्या दोन बाजूंना लोखंडी हात आहेत, पुढे चिमट्यासारखे. ते रिकामे होते.

थाळीच्या वर, अगदी मध्यावर, दांड्याला लागून एक चौकोनी फिकट डाग आहे. साबणाच्या वडीएवढा. त्याच्या कडेने चिकटपट्टीचा गोंद राहिलाय, धूळ बसून काळा झालेला. तिथून एक पट्टीचा माग सरळ कडेपर्यंत गेलाय. तुम्ही दिसेल ते लिही म्हणालात म्हणून लिहिलं.

तेवढ्यात दुपारवाले आले, त्यांचं दुसरं काम अजून याच यंत्रावर चालू आहे. माणूस वाईट नाही, पण नजर बारीक. त्यांच्या दोन्ही बाह्यांची टोकं काळीकुट्ट होती. मी मनात म्हटलं, याला म्हणतात काम करणारा माणूस. त्यांनी खिशातून एक कापडी बटवा काढला आणि त्यातून पेन्सिलीच्या तुकड्यांसारखे दोन काळे तुकडे काढून त्या लोखंडी चिमट्यांत बसवले. कार्बनचे ब्रश म्हणाले. ते फिरत्या थाळीला घासत राहतात आणि त्यांतून वीज मीटरकडे जाते. मीटर तिकडे टेबलावर. मी विचारलं, रोज बटव्यात घेऊन जाता? तर म्हणाले, “वहिनी, हे माझे स्वतःचे आहेत. ऑफिसचे झिजून गेले. आणि या खोलीत आपली वस्तू ठेवली की सकाळी काय होईल, याचा भरवसा नाही.”

माझ्याकडे बघून म्हणाले हे. मला फार लागलं. पण सकाळी त्या खोलीत कोण असतं, हे मलाही माहीत आहे, म्हणून चष्मा त्यांच्या हातात देऊन निघाले.

चौकशीची पहिली बैठक वीस तारखेला, निकाल चोवीसला. तोपर्यंत काही सुचलं तर लगेच लिहा. घरात आम्ही दोघं हल्ली मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलतो.

मोती

१६ जून

मोती,

आधी तुझ्या नवऱ्याची माफी मागते, मग तुझी. मागायला हवीच. मी चुकले.

चौकोनी डाग वाचला आणि मी हातातलं काम टाकून आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पळाले. तुला माहीत आहे का तो डाग कशाचा आहे? मीटरचा. तुझ्या नवऱ्याने मीटर टेबलावर ठेवलाच नव्हता. बॅटरीवर चालणारा, आकडा लक्षात ठेवणारा छोटा मीटर त्याने चिकटपट्टीने थाळीवरच बसवला. एक तार दांड्याला, एक तार पट्टीखालून कडेला. थाळी फिरवायची, थांबवायची, मीटरने काय धरून ठेवलंय ते वाचायचं. का? कारण त्याच्याकडे ब्रश नव्हते. ऑफिसचे झिजले, दुपारवाला आपले घरी नेतो. धाकट्याने विचार केला असणार, दोन टोकं तीच, दोन तारा त्याच, मीटर इथे काय आणि तिथे काय. कुठल्याही हुशार कारागिराने हेच केलं असतं. फरक पडतो हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल, म्हणून त्याने कुणाला सांगितलंही नाही.

आणि ब्रश नाहीत म्हणून कार्बनची पूड नाही. पूड नाही म्हणून बाह्या स्वच्छ. तू त्या बाह्यांवरून त्याला कामचुकार ठरवलंस आणि मी मान डोलावली.

आता शून्य का ते ऐक. जमिनीवर उभं राहून बघितलं तर त्या चुंबकावर फक्त चुंबकीय क्षेत्र आहे, विद्युत क्षेत्र औषधालाही नाही. पण तू थाळीवर बसून तिच्याबरोबर फिरत बघितलंस, तर त्याच जागी तुला विद्युत क्षेत्रही दिसेल, दांड्याकडून कडेकडे ढकलणारं. चुंबक बदलला नाही, जागा बदलली नाही, फक्त बघणारा फिरायला लागला. फिरणाऱ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तोही तितकाच खरा असतो.

थाळीवर बसलेल्या मीटरलाही ते क्षेत्र आहे. पण ते जसं तांब्याला ढकलतं तसंच मीटरच्या तारांनाही ढकलतं, कारण त्याही फिरताहेत. रस्सीखेच खेळताना दोन्हीकडून सारखाच जोर लागला तर मधली गाठ हलत नाही. मीटर म्हणजे ती गाठ. तो शून्य दाखवणार, आज, उद्या, आणि हजार वेळा. दुपारवाल्याच्या तारा जमिनीवर स्थिर, त्यांना ढकलायला कुणी नाही, म्हणून त्याला अठरा. दोघांचंही खरं आहे. मी आमच्याकडच्या जुन्या थाळीवर दोन्ही प्रकारे करून पाहिलं. शिपायाने मोटर चालवली, मी आकडे घेतले. इतकी वर्षं शिकवतेय, पण हा मीटर थाळीवर बसवून बघावा असं मला कधी सुचलं नव्हतं.

हे सगळं मी कालच विभागप्रमुख बाईंना रजिस्टरने पाठवलं. आकृत्या काढून. त्यांनी स्वतः यंत्र चालवून बघावं असंही लिहिलं.

आता वाईट भाग. या हिशेबाने दहा शून्यं सुटतात, पण अकरावा आकडा अडकतो. त्या दिवशीही मीटर थाळीवरच असेल तर अठरा पूर्णांक दोन येणं शक्य नाही. काही केल्या येत नाही. मी बाईंना पत्र लिहिताना इथेच थबकले. अर्धं लिहावं, अकराव्या दिवसाचं गाळावं, असं वाटलं. पण मग माझ्या शब्दाला काय किंमत राहिली? मी लिहिलं की दहा नोंदी खऱ्या आहेत आणि अकराव्या दिवशी मीटर कुठे होता ते त्यालाच विचारावं.

त्याला विचार. त्या दिवशी दुपारवाल्याचे ब्रश मागून घेतले होते का? घेतले असतील तर सगळंच मिटलं. नसतील तर मोती, घाबरून त्याने एक आकडा बनवला, आणि तो एक आकडा दहा खऱ्या आकड्यांवर पाणी फिरवणार. माझा जीव थाऱ्यावर नाही. त्याला लवकर विचार.

वन्सं

२१ जून

वन्सं,

तुमचं पत्र वीसला दुपारी आलं. तोवर पहिली बैठक उरकली होती. बाईंना तुमचं पत्र आदल्या दिवशीच मिळालं होतं. तुम्ही ते पाठवण्याआधी मला एकदा विचारलं असतं तर. पण तुमचा काय दोष? मीच तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं.

अठरा पूर्णांक दोन मी लिहिले.

दहाव्या दिवशी हे घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. दुपारवाल्यांना अठरा मिळतात आणि यांना शून्य, यावरून ऑफिसात कुजबूज सुरू झाली होती. अकराव्या दिवशी संध्याकाळी यांनी पुठ्ठा काढला आणि वाचलं, शून्य. मी पेन हातात धरून बसले. मला वाटलं, हा माणूस आपल्या पायावर धोंडा मारून घेतोय आणि मला तो उचलून द्यायला लावतोय. मी अठरा लिहिलं. नुसतं अठरा खोटं दिसेल म्हणून पुढे दोन लावले. वही पुढे केली, यांनी खाली सही केली आणि मिटून ठेवली. हे कधीच वाचत नाहीत, वन्सं. इतक्या वर्षांत मी लिहिलेलं एकही पान यांनी सही करण्याआधी वाचलेलं नाही.

तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं तेव्हाही मी लपवलं. मला वाटत होतं, तुम्ही म्हणाल तो एक आकडा बरा, आणि माझं मन हलकं होईल.

बैठकीत काय झालं ते यांनी सांगितलं नाही. दुपारवाल्यांनी सांगितलं. ते घराशी आले होते, ओशाळलेले. म्हणाले, बाईंनी दहा शून्यांचं पटल्यासारखं केलं, मग अकरावं पान उघडून यांच्यापुढे ठेवलं. हा आकडा कुठून आला? यांनी बराच वेळ त्या पानाकडे बघितलं. मग म्हणाले, माझाच आहे. मीटर कुठे होता? थाळीवर. मग हा आला कसा? यांनी वही मिटून बाईंकडे परत सरकवली. दुपारवाले म्हणाले, मी आपणहून सांगितलं असतं की ब्रश दिले होते, पण त्यांनी मला डोळ्यांनी नको म्हटलं.

ते गेल्यावर हे घरी आले, मी पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, “मला पान बघताक्षणीच कळलं. मी शून्य सांगितलं होतं, तू अठरा लिहिलंस. तुझा आठ मी ओळखणार नाही का?”

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही तिथे? माझं नाव घ्यायचं. फार तर काय, वही बायको लिहिते म्हणून ठपका आला असता. नोकरी तरी वाचली असती.

हे बूट काढत होते. एक बूट तसाच हातात राहिला. म्हणाले, “माझ्या बायकोचाच माझ्यावर विश्वास नव्हता, हे पाच माणसांत सांगू?”

वन्सं, मी तुमच्या भावाच्या मागे चोरासारखी फिरले, रखवालदाराकडे हजेरी तपासली, बाह्यांवरून पंचनामा केला. आणि हा माणूस लबाड म्हणवून घ्यायला तयार आहे, पण माझा संशय बाहेर पडू द्यायला तयार नाही. मला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चोवीसला मी जाणार आहे. यांना सांगितलं. म्हणाले, नको येऊस. तरी मी जाणारच.

मोती

२५ जून

वन्सं,

तुम्ही वाट बघत असाल म्हणून आधी मुद्द्याचं: नोकरी राहिली. घरही राहिलं.

बाईंनी सगळ्यांदेखत यंत्र चालवलं. तुमच्या आकृतीप्रमाणे मीटर थाळीवर बसवला, शून्य. मग दुपारवाल्यांचे ब्रश लावले, अठरा. पुन्हा थाळीवर, पुन्हा शून्य. समितीतले एक वयस्क गृहस्थ स्वतः वाकून तारा तपासून गेले. मग म्हणाले, चाळीस वर्षं या धंद्यात आहे, कधी कुणी असं लावलेलं पाहिलं नाही. तुमचा भाऊ कोपऱ्यात उभा होता. त्या क्षणी त्याने मान वर केली, ते मी पाहिलं.

वही मी लिहिते हे मी आल्याआल्याच बाईंना सांगितलं होतं, म्हणून मग मला आत बोलावलं. पाच माणसं होती, लांब टेबल, पंखा खडखडत होता. बाईंनी विचारलं, अकराव्या दिवशी तुमच्या यजमानांनी कोणता आकडा सांगितला? मी म्हटलं, शून्य. विचारलं, मग तुम्ही दुसरा का लिहिलात? हे माझ्याकडे बघून हलकेच मान हलवत होते, नको, नको. मला काहीही सांगता आलं असतं. ऐकण्यात चूक झाली, डोळ्यांवर झापड होती, मागचं पान बघून लिहिलं. दुपारवाले तर सुचवूनही बसले होते. पण खोटं सांगितलं असतं तर तो आकडा पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर बसला असता.

मी म्हटलं, “माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून.”

टेबलाशी बसलेल्या कारकुनाने तेवढंच वाक्य लिहून घेतलं, जसंच्या तसं. बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणाल्या, बरोबर आहे का? मी हो म्हटलं. नंतर दहा नोंदी कायम, अकरावी रद्द, वही घरी नेल्याबद्दल लेखी समज, ब्रश न पुरवल्याबद्दल भांडारालाही समज, असं सगळं ठरलं.

शेवटी कागद सहीला आला. आधी मी केली. मग तो यांच्यापुढे सरकवला. बाई म्हणाल्या, इथे खाली, तुम्हीही ऐकलंत म्हणून. यांनी पेन उचललं आणि ठेवलं. खिशातून चष्मा काढला. वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ, माझं ते वाक्यसुद्धा, सावकाश वाचलं. सगळे थांबले होते. मग सही केली.

मोती